घराचं काम काढताय आणि घरात मांजरं आहेत? आधी कामाचा क्रम बदलून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेरूळला सिडकोच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचं घर. दोन्ही बाथरूम, स्वयंपाकघराचा ओटा, सगळ्या घराची लादी, खिडक्या आणि शेवटी रंग, एवढं काम काढायचं आहे. कंत्राटदार सहा आठवडे म्हणतो. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे दुसरीकडे राहायला जाणं जमणार नाही. घरात सात वर्षांचा सोन्या बोका आणि दोन वर्षांची ठकी, जी दाराची बेल वाजली तरी पलंगाखाली जाते. दोघांना सहा आठवडे एका बेडरूममध्ये बंद ठेवलं तर चालेल का, की सरळ बोर्डिंगला ठेवावं?

मी एकवीस वर्षं ठाणे आणि नवी मुंबईत राहत्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेते, आणि तितकीच वर्षं माझ्या घरात मांजरं आहेत. एका खोलीत ठेवण्याचा तुमचा विचार बरोबर आहे. पण ती खोली कोणती आणि ती मांजरांना कधी मिळणार, हे तुमच्या हातात नसून कंत्राटदाराच्या कामाच्या क्रमात असतं. तो क्रम अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी बदलून घ्या. काम सुरू झाल्यावर तुम्ही कितीही डोळ्यांत तेल घालून राखण केलीत तरी चुकीच्या क्रमाची भरपाई होत नाही.

आमच्या धंद्यातली नेहमीची रीत अशी: आधी सगळ्या घराची तोडफोड, मग सगळीकडे वायरिंगच्या आणि पाइपांच्या खाचा, मग वॉटरप्रूफिंग, मग सगळी लादी, मग पीओपी, मग सुतार, शेवटी रंगारी. प्रत्येक टोळी एकदाच येते, म्हणून कंत्राटदाराला हे स्वस्त पडतं. मांजरांसाठी याचा अर्थ असा की चार-पाच आठवडे घरातली एकही खोली पूर्ण बंद राहत नाही. आज इथे लादी म्हणून मांजरं तिकडे, उद्या तिकडे खाचा म्हणून इकडे. माझ्या पाहण्यात जेवढी मांजरं कामाच्या घरातून हरवली, त्यातली बहुतेक या हलवाहलवीतच हरवली.

म्हणून कंत्राटदाराला सांगा की ज्या बेडरूमला बाथरूम जोडलेलं नाही, ती आधी शेवटपर्यंत पुरी करून हवी. लादी, वायरिंग, खिडकी, रंग, दाराची कडी, सगळं. आठ-दहा दिवसांत ती होते. तेवढे दिवस मांजरं दुसऱ्या बेडरूममध्ये, जिथे तुम्ही अजून हात लावलेला नाही. खोली तयार झाली की चार-पाच दिवस खिडकी उघडी ठेवून वास जाऊ द्या आणि मग दोघांना तिथे हलवा. त्यानंतर किल्ल्या तुमच्या हातात येईपर्यंत त्या खोलीत एकाही कामगाराचं पाऊल पडणार नाही, हे लेखी घ्या. सासूबाईंनाही त्याच खोलीत धुळीपासून आडोसा मिळेल.

कंत्राटदार म्हणेल की गवंडी दोनदा बोलवावा लागेल, रंगारी दोनदा, खर्च वाढेल. वाढेल, ते खरं आहे. तो खर्च कुठून काढायचा तेही सांगते: हॉलमधलं फॉल्स सीलिंग रद्द करा. पैसे वाचतील, आणि मांजराला अडकायला सगळ्यात वाईट जागाही तयार होणार नाही.

हे मी का म्हणते ते सांगायला हवं. बऱ्याच वर्षांपूर्वी नौपाड्यात माझं काम चालू होतं. त्या दिवशी संध्याकाळी हॉलच्या सीलिंगचे शेवटचे जिप्सम बोर्ड बसले. रात्री दहाला घरच्या काकूंचा फोन आला, ‘ताई, मनी दिसत नाहीये.’ मी पोचेपर्यंत अर्धी सोसायटी खाली गाड्यांखाली टॉर्च मारत होती. वर येऊन मी आधी घर पाहिलं. सुताराच्या अर्धवट कपाटावर पीओपीची बोटभर पांढरी पूड बसली होती आणि त्या पुडीत चार स्वच्छ पावलं उमटलेली. शेवटचं पाऊल भिंतीकडे, जिथे दुपारपर्यंत सीलिंगला हातभर उघडी फट होती. आम्ही खाली उभे राहून हाका मारत होतो, आणि ती आमच्या डोक्यावर दोन फुटांवर होती, एक आवाज नाही. मांजर भुकेलं की ओरडतं, पण घाबरलं की ओरडत नाही. दिव्यासाठी आखलेलं एक भोक मी तिथेच मोठं कापून घेतलं, काकूंनी तव्यावर मूठभर जवळा भाजला, ताटली शिडीवर ठेवली आणि सगळ्यांना बाहेर काढून दिवे मालवले. पहाटे साडेचारला ती खाली आली. मिशांना पूड, आणि एका पंजाला पत्र्याच्या चॅनेलने कापलेलं. चूक माझी होती. बोर्ड बंद करण्याआधी मांजर कुठे आहे हे मी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या साइटवर नियम आहे: काहीही बंद करायचं असेल तर आधी मांजर डोळ्यांनी पाहायचं. ‘असेल आत’ हे उत्तर चालत नाही. सीलिंग तर आहेच, पण तुमच्या घरात सीलिंग नसलं तरी ओट्याखालच्या ट्रॉल्यांच्या तळाची पट्टी, बेसिनखालचा खोका, पलंगाचं स्टोरेज, कपाटावरचा माळा, बाथरूमच्या नळांसाठी केलेली बंद पेटी, या सगळ्या जागा एका दुपारी उघड्या असतात आणि संध्याकाळी स्क्रू लावून बंद होतात. जिथून डोकं जातं तिथून मांजर जातं. कमोड काढल्यावर डक्टच्या, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीच्या, बाजूची भिंत फुटून जे भगदाड पडतं, एक्झॉस्ट पंख्याचं रिकामं भोक राहतं, तिथून सरळ डक्टमध्ये पडायला होतं आणि सिडकोच्या जुन्या इमारतींचे डक्ट म्हणजे तीन मजल्यांचा खड्डा. अशी भोकं संध्याकाळी काम सुटताना प्लायचा तुकडा ठोकून बंद झाली पाहिजेत. सिमेंटची रिकामी गोणी कोंबली की झालं, असं कामगार म्हणतील. ती गोणी मांजर पाच मिनिटांत उपसून काढतं.

आता बोर्डिंगचा प्रश्न. सहा आठवड्यांसाठी नको, ठकीसारख्या भित्र्या मांजरासाठी तर नकोच. पण तोडफोडीचे जे तीन-चार दिवस असतील, ओटा आणि दोन्ही बाथरूम ब्रेकरने फोडतील ते, त्या दिवसांसाठी दोघांना घराबाहेर ठेवाच. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला साठ हजारांच्या पुढे. शिवाय ब्रेकरचा दणका स्लॅबमधून आणि भिंतींतून जातो, दार बंद करून तो थांबत नाही. ओळखीच्या नातेवाइकाकडे एक बंद खोली मिळाली तर सगळ्यात चांगलं. बोर्डिंगच निवडलंत तर दोघांना एकत्र ठेवा, आणि लशी राहिल्या असतील तर निदान पंधरा दिवस आधी द्या. लस आदल्या दिवशी टोचून उपयोग नसतो. बरोबर त्यांचं रोजचं अंथरूण न धुता द्या. धुतलेली चादर आपल्याला स्वच्छ वाटते, मांजराला परकी वाटते.

खोलीची तयारी काम सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी करा, म्हणजे ती खोली म्हणजे शिक्षा असं त्यांना वाटणार नाही. दोन मांजरांना शी-शूसाठी मातीचे तीन ट्रे, जेवणापासून लांब. उंचावर बसायला एक फळी. कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायचा पिंजरा, दार उघडं ठेवून तिथेच राहू दे, आत जुना टॉवेल घालून, म्हणजे ऐनवेळी आत घालताना झटापट होत नाही. दाराखालच्या फटीला ओलं फडकं, कारण लादी कापतानाची बारीक धूळ त्यांच्या फुफ्फुसांना आपल्यासारखीच वाईट. बऱ्याच सोसायट्यांत दुपारी २ ते ४ आवाजाची कामं बंद असतात. मुख्य जेवण त्या वेळेला द्या. सकाळी ठोकाठोक चालू असताना ताटली भरलेली तशीच राहते.

दाराला नुसतं लॅच नको. कडी आणि कुलूप लावा, किल्ली घरातल्या एकाच माणसाकडे. दारावर पाटी लावा, पण कारागीर मराठी वाचतीलच असं नाही, म्हणून मांजराचं मोठं चित्र चिकटवा आणि त्यावर लाल फुली. पहिल्या दिवशी मिस्त्रीपासून राडारोडा उचलणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांना फोनवर दोन्ही मांजरांचे फोटो दाखवा, नावं सांगा. माझा अनुभव आहे, नाव कळलं की माणसं जपतात. एका सुताराने माझ्या साइटवर मांजर झोपलंय म्हणून अर्धा तास कटर चालवला नव्हता. मात्र डब्यातलं काही देऊ नका हेही तेव्हाच सांगा. प्रेमाने देतात, पण भाजीतला कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

खिडक्या. जुनी ग्रिल काढून नवी बसेपर्यंत मध्ये एखादा दिवस, कधी आठवडा जातो. पडलं तरी मांजर पायावर पडतं, असं लोक अगदी विश्वासाने सांगतात. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली छापून आला, त्यात उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, हा आकडा त्यासाठी पुढे केला जातो. पण ती दवाखान्यापर्यंत पोचलेली मांजरं होती. खालीच मेलेली त्या मोजणीत आली नाहीत. आणि वाचलेल्यांचे जबडे, टाळू, छाती यांचं काय होतं ते एकदा पाहिलं की तिसरा मजला कमी वाटत नाही. आपल्याकडे कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळीही मांजरासाठी पुरेशी नाही, दाताने तुटते आणि रंगारी ती एका बाजूने सोडून ठेवतात. मांजरांच्या खोलीची खिडकी सगळ्यात आधी बदलून घ्या आणि ग्रिलच्या आतून स्टीलची जाळी स्क्रूने पक्की करा. मांजरं आत गेल्यावर ती जाळी कोणी सोडणार नाही.

यापुढचा भाग नीट वाचा, कारण इथे चांगल्या हेतूने चुका होतात. मांजर पायाला जे लागेल ते चाटून पोटात घेतं. जमिनीवर सांडलेली प्रत्येक गोष्ट त्याने खाल्लीच असं धरा. आणि त्याच्या यकृताला काही विषं फोडून बाहेर टाकता येत नाहीत, जी कुत्र्याला किंवा आपल्याला सहज जमतात. वाळवीची काही औषधं, काळं फिनाइल आणि पॅरासिटामॉल या तिन्हीत मांजर मरतं, आणि मुळाशी ही एकच उणीव आहे.

सुतारकामाआधी वाळवीची फवारणी सुचवली जाईल. बाटलीवरचं नाव वाचा. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, बायफेन्थ्रिन, असं शेवटी ‘थ्रिन’ असलेलं काहीही मांजराच्या जवळ नको. ओलं असताना धोका सगळ्यात जास्त. फवारणी करायचीच असेल तर ती तोडफोडीच्या दिवसांतच उरका, मांजरं तेव्हा घराबाहेर असतील. पूर्ण वाळल्यावर आणि फरशी दोनदा पुसल्यावरच त्यांना परत आणा. बाटलीच्या लेबलाचा फोटो फोनमध्ये ठेवा. अंगाला झटके, थरथर, तोंडाला लाळ दिसली तर डॉक्टर पहिला प्रश्न औषध कोणतं हाच विचारतील.

लादी बसल्यावर सिमेंटचे डाग काढायला अ‍ॅसिड मारतात आणि वर फिनाइलचं पाणी ओततात. दोन्ही बंद करायला सांगा. लादीवरचा डाग ओला असतानाच स्पंजने पुसला तर अ‍ॅसिड लागत नाही, गवंड्याला रोज संध्याकाळी आठवण करावी लागते एवढंच. ओलं सिमेंट पंजाला लागलं तर भरपूर पाण्याने धुवा, ते क्षार असतं आणि कातडी भाजतं. तेलाचा रंग अंगाला लागला तर थिनर किंवा टर्पेंटाइनचं बोट लावू नका. खोबरेल किंवा खायचं तेल चोळून रंग सैल करा, मग भांडी घासायच्या सौम्य साबणाने धुवा, टॉवेलात गुंडाळून ठेवा म्हणजे चाटणार नाही. वाळला असेल तर तेवढे केस कापा. थिनर, रंग, पॉलिश पोटात गेलं असं वाटलं तर उलटी करवायला जाऊ नका, सरळ दवाखाना गाठा.

पॉलिशचं काम घरात करूच देऊ नका. दारं, पाट्या सुताराच्या वर्कशॉपमध्ये पॉलिश होऊन येऊ शकतात. सनमायका चिकटवायला उग्र वासाचं रबरी सोल्युशन वापरतात, त्याऐवजी पांढरा गोंद आणि रात्रभर दाब चालतो, वेळ थोडा जास्त जातो. भिंतींना पाण्याचा, कमी वासाचा रंग. आणि रंगाचा वास जावा म्हणून खोलीत कापूर ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, ती कृपा करून पाळू नका. कापूर, डांबराच्या गोळ्या, निलगिरीचं तेल, तिन्ही मांजराला विषारी. वास घालवायला उघडी खिडकी आणि चार दिवस, एवढंच पुरे.

जुन्या दारा-खिडक्यांवरचा तेलाचा रंग खरवडणार असाल तर एक वेगळी काळजी. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. तुमच्या इमारतीचे आधीचे थर त्याच्या कितीतरी आधीचे असणार. कोरडा पॉलिशपेपर मारला की ती पूड घरभर जाते आणि केसांवर बसून चाटली जाते. पाणी मारून घासायला लावा, पूड ओल्या फडक्याने उचला.

संध्याकाळी कामगार गेले की घरातून एक फेरी मारा, हातात मोठं लोहचुंबक घेऊन. खिळे आणि स्क्रू त्याने निघतात. तांब्याच्या वायरचे तुकडे चुंबकाला लागत नाहीत, ते आणि दोऱ्या डोळ्यांनी शोधाव्या लागतात: गवंड्याची लाइनदोरी, प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप, रंगाऱ्याची मास्किंग टेप. मांजराने दोरा गिळला तर आतडं त्यावर चुणीसारखं गोळा होतं आणि कापलं जातं. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका. तसंच घेऊन डॉक्टरांकडे जा.

सोन्याबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण तो बोका आहे आणि सात वर्षांचा. ताणामुळे बोक्यांच्या मूत्रमार्गात अडथळा येतो. तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, पण माती कोरडीच, असं दिसलं तर रात्र काढू नका. एक-दोन दिवसांत जीव जातो. म्हणून कामाच्या दिवसांत मातीतले ओले गोळे रोज मोजा आणि ओलं खाणं जास्त द्या. काम सुरू व्हायच्या आधीच रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, तिथे बोक्याला नळी घालण्याची सोय आहे का, हे फोन करून विचारून ठेवा. ठकी बहुधा खाणं सोडेल. एक दिवस वाट पाहा, दुसऱ्या दिवशी डॉक्टर. जाड मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर यकृतात चरबी साठून आजार बळावतो. अंग गरम लागलं म्हणून तापाची आपली गोळी कधीही नाही, अर्धीही नाही.

एवढं करूनही एखादं बाहेर गेलंच, तर आधी घर, मग तुमचा जिना, डक्टचा तळ, मीटररूम, शेजाऱ्यांच्या चपलांचे स्टँड पाहा. लांब शोधायला पळू नका. भित्रं मांजर सहसा इमारतीच्या आसपासच दडतं. दिवसा हाका मारून ते येत नाही. रात्री एक-दोनच्या सुमाराला, रहदारी थांबल्यावर, घरातल्या एकाच ओळखीच्या माणसाने खाण्याचा डबा हळू वाजवत फिरावं.

तारखांबद्दल. मेमध्ये सुरू करून गणपतीच्या आत संपवायचं, असं तुमच्या कंत्राटदाराच्या मनात असेल. सगळ्यांच्याच मनात असतं. जून-जुलैत रंग वाळत नाही, खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, मग वास कोंडतो, काम मागे पडतं आणि शेवटच्या आठवड्यात सुतार, रंगारी, प्लंबर, पडदेवाला सगळे एकाच दिवशी घरात येतात, दार सताड उघडं. तो आठवडा मांजरांसाठी सगळ्यात वाईट. जमत असेल तर दिवाळीनंतर सुरू करा, हवा कोरडी असते.

परत सगळं घर खुलं करताना एकेक खोली उघडा. जुना सोफा टाकणार असाल तरी त्याचं एक कव्हर, जुनं पायपुसणं आणि ज्यावर ते नखं घासतात ते गोणपाट न धुता ठेवा आणि नव्या हॉलमध्ये मांडा. एक मऊ सुती फडकं दोघांच्या गालांवर फिरवून नव्या दारांच्या चौकटींना, ओट्याच्या कोपऱ्यांना मांजराच्या उंचीवर पुसा. त्यांचा वास तिथे लागला की ते घर त्यांना ओळखीचं वाटतं. सोन्या पहिल्याच दिवशी हिंडेल. ठकीसाठी खोलीचं दार रात्रभर किलकिलं ठेवा, हॉलचा दिवा मालवा आणि तिला उचलून बाहेर आणू नका.